शनिवारच्या भटकंतीमागचे कागद

युरोपात एक सेमिस्टर शिकायला गेलेल्या मुलांचे फोटो घरी पोहोचू लागले की पालकांच्या मनात एक शंका हमखास येते: ही मुले अभ्यास करतात तरी कधी? एका शनिवारी प्राग, पुढच्या शनिवारी बार्सिलोना, रविवारी रात्रीच्या बसने परत आणि सोमवारी सकाळी वर्गात. याचे श्रेय किंवा दोष कुणी तरुण वयातल्या हौसेला देतो, कुणी स्वस्त विमानांना. दोन्ही कारणे खरी आहेत, पण अपुरी आहेत. हौस तिथल्या विद्यार्थ्यांना आठशे वर्षांपूर्वीही होती आणि स्वस्त रेल्वेपास विद्यार्थ्यांची देवाणघेवाण वाढण्याच्या बऱ्याच आधी निघाले. परक्या विद्यापीठातला अभ्यास आपल्या विद्यापीठात धरला जाईल, ही लेखी हमी मिळाली तेव्हाच बेताच्या ऐपतीच्या विद्यार्थ्याला परदेशातले शनिवार-रविवार लाभले, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप मध्ययुगाचा येईल. आल्प्स ओलांडून बोलोन्याला कायदा शिकायला जाणाऱ्यांना कुठले क्रेडिट आणि कुठले करार? पण कागद तेव्हाही होता. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने विद्यार्थ्यांच्या रक्षणासाठी दिलेले फर्मान 1158 च्या सुमारास अमलात आले. त्या काळी परगावी गेलेल्या माणसाला त्याच्या गावच्या भलत्याच कुणाच्या कर्जापायी धरण्याची रीत होती. फर्मानाने विद्यार्थ्यांना त्यातून सोडवले आणि खटला आपल्या गुरूपुढे की बिशपपुढे चालवायचा, हे ठरवण्याची मुभाही दिली. तेराव्या शतकात पोपनी काही विद्यापीठांच्या पदवीधरांना कुठेही शिकवण्याचा अधिकार दिला. म्हणजे पदवीच्या परस्पर मान्यतेचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. (पॅरिस आणि ऑक्सफर्ड प्रत्यक्षात एकमेकांच्या पदवीधरांकडे नाक मुरडूनच पाहत, ही गोष्ट निराळी.) कागद उलटा फिरला की काय होते, तेही इतिहासात नोंदलेले आहे. धर्मसुधारणेच्या धामधुमीत, 1559 मध्ये, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने आपल्या प्रजेला मोजकी ठिकाणे वगळता परदेशी विद्यापीठांत शिकायला बंदी केली. स्पॅनिश तरुणांची जिज्ञासा त्या वर्षी आटली नव्हती. वाट बंद झाली होती.

पुढच्या दोन शतकांत प्रवास उरला तो मुख्यतः श्रीमंतांचा. इंग्रज उमराव आपल्या मुलाला शिक्षकासोबत पॅरिस, व्हेनिस, रोम दाखवून आणत, आणि त्या मुलाला पदवीची फारशी गरजच नसे. पदवीची गरज असलेल्याने परदेशी जायचे तर वर्ष बुडवायचे, हा हिशोब विसाव्या शतकापर्यंत चालला. तो पहिल्यांदा नेटाने मोडला अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने. पहिल्या महायुद्धात लढून आलेले फ्रेंचचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड यांनी योजना मांडली की पदवीचे तिसरे वर्ष विद्यार्थ्यांनी फ्रान्समध्ये काढावे. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी पैसे दिले नाहीत. अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी ते उद्योगपती पिएर द्यु पाँ यांच्यासारख्यांकडून मिळवले. जुलै 1923 मध्ये आठ विद्यार्थी बोटीने निघाले, आधी नान्सीला आणि मग पॅरिसला सॉर्बोनमध्ये शिकले. परदेशी जाऊन शिकण्यात नवे काहीच नव्हते. नवे होते ते हे, की फ्रान्समधले वर्ष डेलावेअरच्या पदवीत जमा झाले. दोनच वर्षांनी स्मिथ कॉलेजने तोच मार्ग धरला.

युरोपीय विद्यापीठांना मात्र हे उमगायला आणखी सहा दशके लागली, आणि त्यामागे एका इटालियन बाईंचा चिवटपणा आहे. सोफिया कोर्राडी रोममध्ये कायदा शिकत होत्या. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास पुरा करून 1958 मध्ये त्या परतल्या, तर त्यांच्या विद्यापीठाने तो धरायलाच नकार दिला. सगळ्यांदेखत बोलणीही खावी लागली. पुढे इटलीच्या कुलगुरूंच्या परिषदेत सल्लागार म्हणून काम करताना 1969 पासून त्यांनी परस्पर मान्यतेचा धोशा लावला. युरोपीय समुदायाने 1976 मध्ये विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमांचा छोटा प्रयोग केला आणि जून 1987 मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना मंजूर झाली. तीही सहजासहजी नाही. ज्या बड्या देशांच्या स्वतःच्या योजना होत्या त्यांचा पैशांवरून विरोध होता. पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी गेले. 1989 मध्ये क्रेडिट मोजण्याची सामाईक पद्धत सुरू झाली: वर्षाला 60, सेमिस्टरला 30. हा आकडा रुक्ष वाटतो, पण त्यामुळे अर्धे वर्ष बाहेर काढून घरच्या पदवीत बसवणे सोपे झाले. 2013 पर्यंत इरॅस्मसने जाऊन आलेल्यांची संख्या तीस लाखांवर गेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शनिवारची भटकंती शक्य झाली ती इंटररेल, शेंगेन आणि रायनएअर-इझीजेटसारख्या स्वस्त विमानकंपन्यांमुळे, विद्यापीठांच्या कागदांमुळे नव्हे, असे कुणी म्हणेल. या तिन्हींचा वाटा मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण क्रम पाहा. 1972 मध्ये आलेल्या इंटररेल पासावर 21 वर्षांपर्यंतची मुले महिनाभर 21 देश फिरू शकत. त्यांनी फिरून घेतले ते सुट्टीत, पाठीवर पिशवी टाकून, आणि सुट्टी संपताच घर गाठले. पुढची पंधरा वर्षे तिकीट हाती असूनही परदेशी सेमिस्टर थोड्यांच्याच वाट्याला आले. शेंगेन करारान्वये सात देशांतली सीमातपासणी मार्च 1995 मध्ये उठली आणि विमानसेवा 1997 पर्यंत पूर्ण खुली झाली; ही दोन्ही पावले इरॅस्मसनंतरची. स्वित्झर्लंडचे उदाहरण तर निर्णायक वाटते. 2014 च्या स्थलांतरविषयक सार्वमतानंतर तो देश इरॅस्मसबाहेर पडला. गाड्या धावत होत्या, शेंगेनही जागेवर होते, तरी स्विस सरकारला विद्यार्थ्यांसाठी स्वतःची वेगळी योजना आणि तिचा खर्च उभा करावा लागला. जर्मनीत तर प्रवासाचा पासच अनेक विद्यापीठांच्या सेमिस्टर शुल्कात येतो. नाव नोंदवल्याशिवाय तो मिळत नाही.

उरली तक्रार चंगळीची: इरॅस्मसची शिष्यवृत्ती खर्चाला पुरत नाही, म्हणून जातात ती खाऊनपिऊन सुखी घरची मुले आणि करतात ते पर्यटन. पहिला भाग बराचसा खरा आहे आणि योजनेचे ते ठळक उणेपण आहे. पण ते दूर करायला शिष्यवृत्ती वाढवावी लागेल. शनिवारी मुलांना वसतिगृहात डांबून ते होणार नाही. शिवाय ज्याच्या खिशात युरोपीय पासपोर्ट नाही, त्याला या मोकळिकीची किंमत चटकन कळते. 2010 पूर्वी एखाद्या देशाच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या परक्या विद्यार्थ्याला शेजारच्या शेंगेन देशात त्या व्हिसावर जाता येत नसे. निवासपरवाना हाती पडेपर्यंत थांबावे लागे. त्या वर्षी एप्रिलपासून नियम बदलला, आणि आता पुण्या-नागपूरहून जर्मनीत गेलेल्या मुलीला दर 180 दिवसांत 90 दिवस इतर शेंगेन देशांत फिरता येते. तेव्हा सेमिस्टरसाठी निघणाऱ्यांनी तिकिटांचे भाव नंतर पाहावेत. आधी विषयांची यादी लिहून तिच्यावर आपली, आपल्या विद्यापीठाची आणि तिथल्या विद्यापीठाची, अशा तिन्ही सह्या निघण्यापूर्वी घ्याव्यात. इरॅस्मसच्या करारातही त्या तिन्ही लागतात.