पेशींनाही कळतो दाब!

गर्दीच्या वेळी कोपर स्थानकात लोकलमध्ये शिरताना बसलेला धक्का त्वचेला तत्क्षणी जाणवतो. हे काम त्वचेतील चेतातंतू करतात. मात्र दाब, ताण आणि भोवतालचा ताठरपणा ओळखण्याची क्षमता शरीरातील इतर पेशींमध्येही असते. त्यानुसार त्या आपले वर्तन बदलतात. या अभ्यासशाखेला यांत्रिक जीवशास्त्र म्हणतात.

मोजण्याची साधने

अणुबल सूक्ष्मदर्शक (१९८६) : अतिसूक्ष्म टोकाने पेशी हलकेच दाबून तिचा ताठरपणा मोजला जातो.

प्रकाशीय चिमटा : लेसर किरणाने सूक्ष्म कण पकडून बल मोजण्याचे हे तंत्र. त्याचे जनक आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ मध्ये नोबेल मिळाले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांनी त्याच्या साह्याने पेशींतील 'हमाल' प्रथिनांचे बल मोजले.

कर्षणबल मापन : मऊ जेलमध्ये चमकणारे मणी मिसळतात. वर बसलेली पेशी जेल ओढते, तेव्हा मणी सरकतात. त्या अंतरावरून पेशीचे बल कळते.

सूक्ष्म नळी : पेशीला नळीने टोचून विद्युतप्रवाह नोंदवतात. याच पद्धतीने आर्डेम पॅटापुटियन यांच्या चमूने २०१० मध्ये दाब ओळखणारी 'पिएझो' प्रथिने शोधली. २०२१ च्या नोबेलचे ते सहमानकरी ठरले.

पवईशी नाते

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चमूने २००६ मध्ये मूलपेशी वेगवेगळ्या ताठरपणाच्या जेलवर वाढवल्या. पोषकद्रव्य एकच होते. तरीही मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या, मध्यम जेलवर स्नायूंसारख्या, तर ताठर जेलवर अस्थिपेशींसारख्या घडू लागल्या. या संशोधनाचे एक सहलेखक शमिक सेन पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. भोवतालच्या ऊतीच्या ताठरपणाचा कर्करोगाच्या पेशींच्या हालचालीवर काय परिणाम होतो, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा एक विषय आहे.

महत्त्व कशासाठी?

स्तनातील कर्करोगाची गाठ अनेकदा हाताला कठीण लागते. हा कठीणपणा केवळ रोगाचे लक्षण नसून, रोग पसरण्यास तो हातभारही लावू शकतो. दुसरीकडे, प्रयोगशाळेत पेशी सहसा प्लॅस्टिकच्या बशीत वाढवल्या जातात. ते प्लॅस्टिक शरीरातील मऊ ऊतींपेक्षा लाखो पटींनी ताठर असते. अशा बशीत गुणकारी ठरलेले औषध शरीरात तसेच वागेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच रसायनांइतकेच पेशीखालच्या 'जमिनी'कडेही संशोधकांना लक्ष द्यावे लागते.