दिनविशेष : २७ जुलै
२००५ : मुंबई हायवरील अग्निकांड

२६ जुलैच्या प्रलयातून मुंबई सावरत होती. त्याच वेळी शहरापासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात ओएनजीसीचा ‘मुंबई हाय नॉर्थ’ हा तेल-वायू उत्पादनाचा प्लॅटफॉर्म पेटला. निमित्त छोटे होते. ‘समुद्र सुरक्षा’ या साहाय्यक जहाजावरील एका आचाऱ्याच्या हाताला दुखापत झाली होती. खराब हवामानात हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. म्हणून त्याला उतरवण्यासाठी जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणले गेले. ते नियंत्रणाबाहेर गेले आणि त्याच्या हेलिपॅडची कड रायझरवर, म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म यांच्यात तेल-वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीवर, आदळली. वायू गळला, भडका उडाला आणि आग शेजारच्या नळ्यांत आणि जहाजावर पसरली. सुमारे दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला.

२२ जण गेले. खवळलेल्या समुद्रातून ३६२ जणांना वाचवण्यात आले, ही नौदल आणि तटरक्षक दलाची असामान्य कामगिरी होती. जळत्या जहाजावरील दाबकक्षात, म्हणजे खोल पाण्याइतका दाब राखलेल्या खोलीत, अडकलेले पाणबुडेही सुमारे ३६ तासांनी सुखरूप बाहेर आले.

पोलादी सांगाडा दुबळा नव्हता. उणीव व्यवस्थेची होती: वायूने भरलेल्या नळ्या जहाजाच्या धडकेच्या टप्प्यात होत्या आणि एवढ्या मोठ्या जहाजाला अशा हवेत किती जवळ येऊ द्यायचे, याचा बंधनकारक दंडक नव्हता. समुद्रातील तेल-वायू उत्खननासाठी स्वतंत्र सुरक्षा नियम आले ते २००८ मध्ये.