कोंबडी, शेळी आणि पोटातली पंगत

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने कोंबड्या-शेळ्यांच्या खाद्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमचं म्हणणं असं की, खाद्याचा इतिहास हा ‘कारण’ म्हणजे काय याचाही इतिहास आहे. पिल्लू वाढतं ते कशाने? आणि खुंटतं ते कशामुळे? प्रश्न पोरासोरांचे वाटतात. पण गेल्या सव्वाशे वर्षांत त्यांची उत्तरं तीनदा पालटली. आज ते तीन टप्पे पाहू.

पहिला टप्पा जावा बेटावरचा. तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं आणि बेरीबेरीने सैनिक, कैदी पटापट मरत होते. हा जंतूंचा रोग असणार, असं धरून क्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, कोंबड्यांवर प्रयोग करत होते. गंमत अशी झाली की, ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्या कोंबड्याही लटपटायला लागल्या, पाय टाकता येईना. पुढे काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की, राखणदार मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला, पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळाचा भात घालत होता. नंतर नवा स्वयंपाकी आला. मुलकी कोंबड्यांना लष्कराचा भात द्यायचा नाही, असा त्याचा बाणा. कोंबड्या पुन्हा बिनसडीच्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या.

आइकमान यांना वाटलं, भाताच्या पिठूळ भागात काही विष असावं आणि कोंडा त्यावरचा उतारा असावा. फॉर्डरमान यांनी जावा आणि मदुरा इथल्या शंभरावर तुरुंगांची पाहणी 1897 मध्ये प्रसिद्ध केली. जिथे सडलेला तांदूळ, तिथे बेरीबेरी अधिक, हे त्यातून दिसलं. पण खरा वैचारिक पालट केला तो आइकमान यांच्या जागी आलेल्या खेरिट ख्राइन्स यांनी, 1901 मध्ये. त्यांनी सांगितलं की, भातात वाईट काही नाही, भातात काहीतरी *नाही*.

इथे आम्हाला आपलं वैशेषिक दर्शन आठवतं. त्यात ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला आहे. प्राभाकर मीमांसकांनी मात्र तो नाकारला. जे नाही ते कशाचं कारण कसं होईल, हा वाद आपल्याकडे शतकानुशतकं चालला. जावातल्या कोंबड्यांनी त्याला एक बाजू दाखवली. कोंड्यात जे जीवनसत्त्व होतं, तेच भातात नव्हतं, आणि त्या नसण्याने पाय गेले. आइकमान यांना 1929 मध्ये नोबेल मिळालं ते या वाटेवरच्या कामासाठी.

त्यानंतरची पन्नास वर्षं विज्ञान ‘काय कमी आहे’ ते शोधत राहिलं, आणि त्याचं मोजमाप कोंबडीच्या पिल्लांवर झालं. कारण पिल्लू झपाट्याने वाढतं, म्हणून कमतरताही झटकन उघडी पडते. फॉलिक आम्लाच्या शोधात पिल्लांच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. ते आम्ल प्रयोगशाळेत बनवणाऱ्या लेडर्ले कंपनीच्या चमूचे प्रमुख होते आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

दुसरा टप्पा त्याच लेडर्लेत सुरू झाला. नुसत्या सोयाबीनच्या पेंडीवर पिल्लं नीट वाढत नसत, मासळीची भुकटी किंवा यकृताचा अर्क घातला की वाढत. 1948 मध्ये कळलं की, ही कमतरता मुख्यतः बी-12 ची आहे. मग थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड यांनी स्वस्तात बी-12 मिळावं म्हणून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बनवताना उरलेला चोथा पिल्लांना घातला. पिल्लं वाढली, पण बी-12 ने जेवढी वाढायला हवीत त्याहून अधिक. चोथ्यात थोडं प्रतिजैविक राहिलं होतं! 1950 मध्ये हे जाहीर झालं आणि काही वर्षांतच प्रतिजैविकं कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास मिसळली जाऊ लागली.

आता नीट बघा. ख्राइन्स यांचं कोडं अभावाचं होतं. पण प्रतिजैविक काही शरीराचं अन्न नव्हे, कोणत्याही पिल्लाला त्याची कमतरता नसते. मग पिल्लू वाढलं कसं? आज मानलं जातं ते असं की, औषधाने आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते, त्यामुळे पचन आणि दाह यांच्यात फरक पडतो. म्हणजे पिल्लू एकटं जेवत नाही, त्याच्याबरोबर पोटात एक पंगत बसलेली असते. आपण त्या पंगतीतल्या काहींना उठवलं.

‘पूरक खाद्याने कोंबडी फुगवली’ असंही सर्रास म्हटलं जातं. तेही तपासून घेऊ. 2003 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी 1957 सालच्या वाणाची आणि 2001 सालच्या वाणाची पिल्लं वाढवली, दोन्हींना जुनं आणि नवं असं दोन्ही खाद्य देऊन पाहिलं. बेचाळीस दिवसांनी जुन्या वाणाचं पिल्लू जुन्या खाद्यावर 539 ग्रॅम, नव्या खाद्यावर 578 ग्रॅम. नव्या वाणाचं जुन्या खाद्यावर 2126, नव्यावर 2672. म्हणजे वाढीतला सिंहाचा वाटा पैदाशीचा. पण त्याच नव्या खाद्याने जुन्या पिल्लाला चाळीस ग्रॅमही मिळाले नाहीत आणि नव्याला साडेपाचशे मिळाले. खाद्य हे एकटं कारण कधीच नसतं, घेणारं शरीरही तयार लागतं.

तिसरा टप्पा शेळीचा. रवंथ करणाऱ्या जनावरात पोटातली ही पंगत म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरच. शेळीच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात जिवाणू आधी पाला आंबवतात, मग शेळीला पोषण मिळतं. सुबाभूळ आपल्याकडे ठाऊकच आहे, मणिभाई देसाईंच्या बायफने तिचा मोठा प्रसार केला. पाल्यात प्रथिनं भरपूर, म्हणून तो शेळीचं चांगलं पूरक खाद्य. पण त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. पाला फार झाला तर केस गळतात, गलग्रंथी सुजते, वाढ खुंटते. म्हणून चाऱ्यात एकतृतीयांशाहून अधिक सुबाभूळ नको, असा सल्ला देतात.

ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास होई. मात्र हवाईतल्या शेळ्या तोच पाला बिनधास्त खात. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने विचारलं, फरक पाल्यात आहे की पोटात? उत्तर पोटात सापडलं. हवाईच्या शेळ्यांच्या पोटात ते विष पचवणारे जिवाणू होते. 1980 च्या दशकात त्यांनी ते ऑस्ट्रेलियाच्या जनावरांना दिले आणि त्यांचा त्रास थांबला. पुढे त्या जिवाणूला ‘सिनर्जिस्टिस जोन्साय’ असं नाव मिळालं. पाला तोच, जनावरंही तीच, बदलली फक्त पंगत.

आता या तीन टप्प्यांतून आपल्यापुढे जो प्रश्न येतो, तो केवळ पशुपालनाचा नाही. 1976 मध्ये स्टुअर्ट लेव्ही यांनी बोस्टनजवळच्या एका शेतावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. टेट्रासायक्लिन गटातलं औषध घातलेलं खाद्य सुरू केल्यावर आठवड्याच्या आत कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जिवाणू औषधाला दाद देईनासे झाले. काही महिन्यांत तसे जिवाणू त्या शेतावर राहणाऱ्या माणसांतही वाढले, शेजाऱ्यांत मात्र वाढले नाहीत. कोंबडीची पंगत आणि माणसाची पंगत वेगळी नाही, हे दिसलं. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं 1 जानेवारी 2006 पासून बंद केलं. भारताने 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी आणि त्यांच्या खाद्यपूरकांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. रुग्णालयात बाकी औषधं थकली की शेवटी ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध.

इथे कुणाला खलनायक ठरवणं आम्हाला मान्य नाही. स्वस्त अंडं, स्वस्त कोंबडी गरिबाच्या ताटात आली, त्यामागे खाद्याचं हेच शास्त्र आहे. पाच कोंबड्या किंवा दोन शेळ्या पाळणाऱ्या बाईला वाढीचे चार ग्रॅम म्हणजे मुलाच्या वहीचे पैसे असतात. पण तराजू फक्त वजन दाखवतो. ती वाढ कुणाच्या खात्यातून आली, हे त्याला दिसत नाही.

म्हणून उद्या कोणी पिशवी पुढे करून ‘हे घाला, जनावर वाढेल’ म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा. माझ्या जनावराला कशाचा तरी अभाव आहे का, आणि ते कशावरून? अभाव नसेल, तर ही पिशवी त्याच्या पोटातल्या कुणाला उठवते आहे? आणि उठवलेले ते उद्या कुणाच्या घरी जातील? पहिला प्रश्न जावातल्या कोंबड्यांनी शिकवला, दुसरा लेडर्लेच्या पिल्लांनी आणि हवाईच्या शेळ्यांनी, तिसरा बोस्टनजवळच्या त्या कुटुंबाने. आम्ही इथे थांबतो. तुमचे प्रश्न आता ऐकू.