आपणहून उघडणारी दारे

मी कला शाखेचा पदवीधर, नोकरीने कारकून. सौंसर तालुक्यातल्या बोरगावचा माझा भाचा मात्र शाश्वत स्थापत्य अभियांत्रिकीत एम.टेक. करायचे म्हणतो. "मामा, विषय नवा आहे."

नवा कसला? विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली एल.सी.ई. झाले. १९०३ मध्ये त्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवली आणि धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवले.

आणि आपल्या खाजनातली मानस? भरतीच्या दाबाने तिचे दार मिटते, ओहोटीला आपणहून उघडते. ती बांधणाऱ्या गांवकाऱ्यांना कुठली पदवी? भाच्याला म्हटले, प्रबंध यावरच लिही. मे महिन्यात येणार आहे. आमच्या मानशीच्या फळ्या कुजल्यात. खारे पाणी शेतात शिरू लागलेय.