एका सेक्शनात एकच गाडी

शहाद्याला रेल्वे कधी आलीच नाही. तापी व्हॅली रेल्वे 1900 साली सुरतेकडून अमळनेरपर्यंत पोचली ती तापीच्या दक्षिणेकडून, आणि आम्ही नदीच्या उत्तरेला. शहादेकराला गाडी धरायची तर आजही आधी सारंगखेड्याचा पूल ओलांडून दोंडाईचा गाठावं लागतं, नाहीतर प्रकाशावरून नंदुरबार. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सुटे भाग आणायला मुंबईला, लॅमिंग्टन रोडला जायचो. गाडी लेट असली की फलाटाच्या टोकाला जाऊन सिग्नलचा हात कधी खाली पडतो ते बघत बसायचो. घराच्या माळ्यावर आज जो नंदुरबार–रनाळे–दोंडाईचा मार्ग मांडलाय, तो त्या बघण्यातून आला. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या मानाने जरा अरुंदच; जाणत्याच्या डोळ्याला ते खुपतं, पण सगळे रूळ हाताने ठोकायचे तर आयुष्य त्यातच जाईल.

आता ही गाडी मोबाइलवरून चालते. बघायला येणाऱ्यांना ही अगदी आजची करामत वाटते. मला तसं वाटत नाही. दूर बसून गाडीवर हुकमत चालवायची गोष्ट रेल्वेच्या जवळपास जन्मापासूनची आहे. केबिनमध्ये खटका ओढायचा आणि कितीतरी लांबच्या सिग्नलचा हात तारेने हलायचा, हे रिमोट कंट्रोल नाही तर काय? इंग्लंडात जॉन सॅक्स्बीने 1856 साली सांधे आणि सिग्नल यांचे खटके एकमेकांत अडकवायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. सांधा चुकीच्या बाजूला असेल तर सिग्नलचा खटका हलणारच नाही. माणूस दमलेला असो, घाईत असो, लोखंड त्याला चूक करू देत नाही.

एकेरी मार्गावर त्याच्याही पुढची व्यवस्था होती: नीलचं टोकन. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, आत धातूचे गोळे, आणि दोन्ही यंत्रं तारेने जोडलेली. पलीकडच्या मास्तरने संमती दिल्याशिवाय अलीकडचा गोळा बाहेर पडत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा कुठल्याच बाजूने निघत नाही. वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून तो गोळा ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हाती असेल तर दोन स्टेशनांमधला सेक्शन तुमचा. आपला सुरत-भुसावळ मार्ग आता दुहेरी झाला, वर विजेची तारही आली; पण रेल्वेने शोधलेल्या साऱ्या यंत्रांत मला हे सर्वांत शहाणं वाटतं.

खेळण्यातल्या गाडीला हे शहाणपण यायला वेळ लागला. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने 1891 मध्ये लायप्झिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांची गाडी मांडली. ती चावीची होती. एकदा सोडली की चावी संपेपर्यंत ती कुणाचं ऐकायची नाही. पुढे विजेची गाडी आली आणि 1938 च्या हॉर्नबी डब्लोपर्यंत बारा व्होल्टचा डीसी घराघरांत पोचला. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की गाडी मागे जाते. अडचण एकच. वीज रुळात असते, म्हणून त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदमच पळतात. उपाय म्हणून छंदिष्टांनी रूळ जागोजागी तोडले, मध्ये प्लॅस्टिकचे सांधे घातले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण दिलं. ते बटण म्हणजे नकळत नीलचा गोळाच झाला. बटण बंद असलेल्या तुकड्यात इंजिन शिरलं की जागीच थांबणार.

मांडणी वाढते तसं या बटणांचं काम किती वाढतं, ते पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात कळतं. 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. एका मराठी माणसाने छंदापायी उभारलेलं आख्खं शहर तिथे आहे. रूळ, पूल, दिवे, पासष्ट सिग्नल. प्रेक्षक गाड्यांकडे बघतात. मी गेलो की गाड्यांकडे न बघता त्या चालवणाऱ्याचे हात बघतो.

मग डिजिटल आलं. 1990 च्या दशकात त्याचं मानक ठरलं, आणि त्यात गंमत अशी की रुळांत वीज कायम पूर्ण असते. तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या उलटण्यातच निरोप असतो. अठ्ठावन्न मायक्रोसेकंदांची अर्धी फेरी म्हणजे एक, शंभर किंवा जास्तीची म्हणजे शून्य. प्रत्येक इंजिनाच्या पोटातला डीकोडर आपला पत्ता ऐकला तरच हलतो. नव्या डीकोडरचा पत्ता कारखान्यातून 3 ठरलेला येतो. इंजिन रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर ठेवून तो बदलून घ्यायचा, नाहीतर दोन नवी इंजिनं एकाच हुकमावर निघतात. माझ्याकडे हे सगळं एका अर्दुइनो बोर्डावर, मोटर शील्डवर आणि छोट्या वायफाय बोर्डावर चालतं. मोबाइलवरचं ॲप म्हणजे ड्रायव्हरचा हँडल. शहाद्यात वीज जाते, म्हणून मागे यूपीएस जोडलाय.

पण या सोयीत एक गोष्ट हातची गेली. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र पत्ता मिळाला आणि सेक्शनचं बंधन सुटलं. दोन मोबाइलवरून दोघेजण समोरासमोर गाड्या सोडू शकतात, आणि रूळ त्यांना अडवत नाहीत. छंदाच्या दुनियेत याला मोकळीक म्हणतात. मला ती सव्वाशे वर्षांची कमाई टाकून देणं वाटतं. म्हणून डिजिटल घेतलं तरी मी रूळ तोडलेलेच ठेवले. प्रत्येक तुकड्याला किती करंट जातोय हे बोर्ड मोजतो. कुठे इंजिन आहे ते त्यावरून कळतं. सेक्शन भरलेला असेल तर अलीकडच्या तुकड्याची वीज रिले तोडतो, मग मोबाइलवर कितीही वेग वाढवा. आणि दोन्ही टोकांना एकेक पेटी आहे. नंदुरबारच्या पेटीतून लाकडी गोळा काढायचा तर दोंडाईच्याच्या पेटीवरचं बटण कुणीतरी दाबून धरावं लागतं.

सुटीत गल्लीतली पोरं येतात. एक नंदुरबारला बसतो, एक दोंडाईच्याला. पहिल्या दिवशी मोबाइलसाठी भांडतात. दोन-चार दिवसांत भांडण गोळ्यावर येतं आणि माळ्यावरून सारखं ऐकू येतं, "आबा, हा लाइन देत नाही!" मी मध्ये पडत नाही. गाडी रनाळ्याला उभी राहते, दोघं आपसांत ठरवतात, बटण दाबलं जातं, गोळा पडतो आणि मालगाडी सुटते.