संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
मुंबईच्या उत्तरेस, साष्टी बेटाच्या मध्यवर्ती डोंगररांगेवर पसरलेले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सु. १०४ चौ. किमी. ते मुंबई उपनगर व ठाणे या जिल्ह्यांत विभागलेले असून विहार व तुळशी हे तलाव आणि कान्हेरीची बौद्ध लेणी त्याच्या परिसरात येतात. महानगराने वेढलेले एवढे विस्तृत वन क्वचितच आढळते. ते टिकून राहिले याचे श्रेय प्रथमतः वन्यजीवांविषयीच्या आस्थेस नव्हे, तर शहराच्या पाण्याच्या गरजेस द्यावे लागते.

या डोंगरांतील पाण्याची जाण प्राचीन आहे. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी सु. इ. स. पू. पहिल्या शतकापासून पुढे सुमारे एक हजार वर्षांच्या काळात कोरली गेली. बहुतेक लेण्यांपाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी असून त्यांत पावसाचे पाणी पन्हळींवाटे साठविले जाई. शिलालेखांत या टाक्यांस ‘पोढी’ म्हटले आहे; त्यांच्या दात्यांत कल्याण, सोपारा येथील रहिवासी आढळतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी व एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासकांनी लेण्यांची वर्णने लिहिली. पण त्यांचे लक्ष मुख्यतः शिल्पांकडे व लेखांकडे होते, भोवतालच्या रानाकडे नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या विहिरी व तळी वाढत्या वस्तीस अपुरी पडू लागली. १८५४ च्या टंचाईनंतर हेन्री कॉनिबेअर याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालण्यात आला आणि १८६० मध्ये विहार तलावाचे काम पूर्ण झाले. १८७९ मध्ये त्याच्या वरच्या अंगास तुळशी तलाव तयार झाला. पाणी निर्मळ राहावे म्हणून पाणलोट क्षेत्रातील वस्ती व शेती यांवर निर्बंध आले. पुढे तानसा (१८९२) व इतर दूरच्या जलाशयांमुळे शहराच्या पुरवठ्यातील विहार-तुळशीचा वाटा अगदी अल्प झाला. तथापि राखलेले पाणलोट क्षेत्र तसेच राहिले. उद्यानाचा गाभा तो हाच.

रानाची पद्धतशीर नोंद बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) आश्रयाने झाली. सलीम अली व हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टीतील पक्ष्यांवर केलेली लेखमाला १९३६ पासून संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मुंबई राज्याच्या १९५० च्या राष्ट्रीय उद्यान अधिनियमान्वये कान्हेरीभोवतीचा लहानसा प्रदेश कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यात आला. १९६९ नंतर लगतची राखीव वने जोडून त्याचा विस्तार झाला. त्यास बोरीवली राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले व १९८० नंतर सध्याचे नाव रूढ झाले.

सीमा कागदावर आखल्या गेल्या, तरी प्रत्यक्षात त्या राखणे कठीण गेले. शहरात निवारा न मिळालेल्या गरिबांच्या झोपड्या वनाच्या कडांवर वाढत गेल्या. एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत ज्यांची नावे होती, तेच पर्यायी घरास पात्र ठरले. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, परंतु पर्यायी घरांची व्यवस्था मागाहून व धिम्या गतीने झाली. वारली, मल्हार कोळी आदी आदिवासींच्या पाड्यांचा प्रश्न मात्र मुळातच वेगळा आहे. उद्यान घोषित होण्यापूर्वीपासून ते तेथे वसलेले असल्याने त्यांस अतिक्रमण म्हणणे न्याय्य नाही. पुढे वनहक्क अधिनियमाने (२००६) अशा हक्कांना कायद्याचा आधार दिला.

साग, ऐन, कळंब हे येथील प्रमुख वृक्ष होत. उतारांवर कारवी दाट वाढते व काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलते. बिबळ्या हा येथील सर्वांत मोठा मांसभक्षक प्राणी आहे. २००२–०४ या काळात त्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. अन्यत्र पकडलेले बिबळे आणून सोडणे हे त्याचे एक कारण असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यानंतर पिंजरे लावण्यापेक्षा वस्तीलगतचा कचरा हटविण्यावर व लोकशिक्षणावर भर देण्यात आला. २०१५ च्या स्वयंचलित छायाचित्रणाद्वारे केलेल्या गणनेत उद्यान व परिसरात ३५ बिबळे आढळले.

उद्यानास लागून असलेल्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. पुढील तोडीस सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२० मध्ये आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला, पण कारशेड अखेर आरेतच झाले. ठाणे व बोरीवली यांना जोडणाऱ्या जुळ्या बोगद्याच्या कामाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. तो याच डोंगरांखालून जातो.