हॉटेलातली मागची मोरी

नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कारंजा मागे पडलं की मंगरूळपीर तालुक्यातलं शेलूबाजार लागतं. बाजाराचं गाव, त्यात हमरस्ता. म्हणजे चहा-फराळाची हॉटेलं आलीच. वऱ्हाडातल्या अशा गावांत हॉटेलाची मांडणी कितीतरी वर्षं एकसारखीच राहिली. दर्शनी भागात भट्टी, कढईत आलुबोंडे नि भजी, आत लाकडी बाकडी आणि सगळ्यात मागे, गिऱ्हाइकाच्या नजरेआड, मोरी.

नळ नसे. ड्रममधलं पाणी दोन घमेल्यांत ओतलेलं. एकात सोडा, दुसऱ्यात साधं पाणी. सकाळी नितळ असलेलं ते दुसरं पाणी बाजाराच्या दिवशी बघता बघता चहाच्या रंगाचं होई. बदलायला सवड नसे आणि उन्हाळ्यात तर पाणीच नसे. कपबशी त्यात बुडवायची, कळकट फडक्यानं पुसायची, पुढे सरकवायची. हे करणारा पोऱ्या अनेकदा दहा-बारा वर्षांचा. सतत ओल्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, आणि रात्री झोपायला तेच बाकडं.

काही कपबश्या मात्र या घमेल्यातही जात नसत. त्या बाहेर वळचणीला असत, दलित गिऱ्हाइकांसाठी. चहा पिऊन ज्यानं त्यानं स्वतःच विसळून ठेवायच्या. आत घाण पाणी चालत होतं, माणूस चालत नव्हता. सार्वजनिक उपाहारगृहात जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असं राज्यघटनेच्या 15व्या कलमानं 1950 मध्येच सांगितलं. वेगळ्या भांड्यांचा हा प्रकार शिक्षेला पात्र ठरवणारा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा 1 जून 1955 ला लागू झाला. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदाही त्याच दिवशी अमलात आला. गिऱ्हाइकाचा मान आणि गिऱ्हाइकाचं ताट, दोन्ही एका तारखेला कायद्याच्या छत्राखाली आली.

मोरीपाशी बसलेल्याचं काय? मध्य प्रांत व वऱ्हाडाचा दुकाने व आस्थापना कायदा 1947 चा, मुंबई प्रांताचा 1948 चा. मुंबईच्या कायद्यात उपाहारगृहातल्या कामगाराला दिवसाला 9 तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुटी होती. पण असे कायदे मुख्यतः शहरांना आणि अधिसूचित केलेल्या गावांना लागू होत. रस्त्याकडेच्या हॉटेलात पहाटेची भट्टी पेटवणारा माणूसच रात्री उशिरा भांडी घाशी, आणि त्याचे तास कुणी मोजत नसे.

मुलांसाठी तर आणखी थांबावं लागलं. 1986 च्या बालकामगार कायद्यातल्या बंदीच्या यादीत हॉटेलं आणि ढाबे आले ते 10 ऑक्टोबर 2006 ला. इतकी वर्षं हे काम मुलांसाठी धोक्याचं मानलंच गेलं नाही, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. उकळतं तेल आणि भट्टी तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

त्याच वर्षी अन्नसुरक्षा व मानके कायदा मंजूर झाला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. त्याच्या जाळ्यातून चहाची टपरीही सुटली नाही. लहान विक्रेत्यालाही नोंदणी आली. नखं कापलेली हवीत, पाणी पिण्यायोग्य हवं, आजारी माणसानं अन्नाला हात लावू नये, असे नियम झाले. नियम रास्तच आहेत. पण रोजंदारीवरचा वेटर जुलाब लागले म्हणून घरी बसला, तर त्या दिवसाची मजुरी कुठून येणार? कामगार विमा योजना साधारणपणे 10 कामगारांपासून पुढे. महाराष्ट्रानं 2017 मध्ये दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा केला, तेव्हा कामाचे तास आणि रजा यांच्या तरतुदींतूनही 10 पेक्षा कमी कामगारांच्या जागा वगळल्या. हमरस्त्यावरची कितीतरी हॉटेलं चार-पाच माणसांवरच चालतात.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. शेलूबाजारलाही त्यावर चढायची-उतरायची सोय आहे. महामार्गावर खाण्यापिण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय नाही, ही प्रवाशांची तक्रार लगेच गाजली आणि ती खरीच होती. तिथे आता जी उपाहारगृहं उभी राहतील, त्यांच्या तपासणीच्या यादीत टोपी, नखं, झाकणं, पाण्याची टाकी असेल. भांडी घासणारा किती तास उभा आहे, हे विचारण्याचं काम दुसऱ्या खात्याचं. आणि चार-पाच माणसांच्या हॉटेलात त्या खात्याला विचारण्याजोगं कायद्यानं फारसं ठेवलेलं नाही.